हत्यारं रत्नागिरीत, पंक्चर सड्यावर

“टायर लिव्हर कुणाकडे आहेत?” मी विचारलं.

माझ्या राईडवरचे कुलकर्णी आणि देवल आपापल्या बॅगा चाचपायला लागले. देवलांच्या मोटारसायकलचं मागचं चाक पार बसलं होतं. नाटे गावाच्या अलीकडचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. भर दुपार.

“पारुळेकरांकडे,” शेवटी कुलकर्णी म्हणाले. “पंपही.”

ते मलाही माहीत होतं. तरी विचारलं.

मी एका टूर कंपनीत राईड लीडर आहे. लोकांना मोटारसायकलवरून चार दिवस कच्च्या वाटांनी फिरवून आणते. या गाड्यांच्या टायरमध्ये ट्यूब असते. पंक्चर काढायचं तर टायर रिमवरून उचकटावा लागतो. त्यासाठीची चपटी लोखंडी पट्टी म्हणजे टायर लिव्हर. ती आणि पंप नसतील, तर बाकीची हत्यारं नुसतं ओझं.

पॅकिंग करतानाच मी आमचे मालक सावंत सर यांना म्हटलं होतं, “सगळा सेट माझ्या गाडीवर राहू दे.”

“मॅडम, जड गाडी कच्च्यात पडते. वाटून द्या सगळ्यांना. टीम स्पिरिट पण वाढतं.”

दिलं वाटून. पाने आणि पॅच माझ्याकडे, औषधं कुलकर्णींकडे, चेनचं सामान देवलांकडे, लिव्हर आणि पंप पारुळेकरांकडे.

राईडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला थांबलो. मी पुढची वाट बघून येईपर्यंत पारुळेकर परत फिरले होते. कंबर दुखत होती म्हणे. फोन केला, उचलला नाही. गाडी चालवत असणार. मग सरांना लावला, लिव्हर आणि पंप गेले म्हणून सांगितलं.

“पुढे जा. मुक्कामाचं बुकिंग आहे. एका दिवसात काय होतंय?”

कुलकर्णींचंही तेच मत. देवल तर हेल्मेट घालून बसलेच होते.

आता सड्यावरून पुन्हा पारुळेकरांना फोन लावला. या वेळी उचलला.

“अहो, मी पोचलो रत्नागिरीला. सुरमई थाळी मागवलीय.”

“पंप तुमच्या बॅगेत आहे.”

“हो, आहे ना. काळजी करू नका, अगदी सेफ आहे.”

मी फोन ठेवला. चाक खोलून माझ्या मागच्या सीटवर बांधलं. माझं पाणी दोघांना दिलं. उतारावर काजूची झाडं होती, तिथे जाऊन बसा म्हणून बजावलं आणि नाटे गाठलं. पंक्चरवाला जेवायला गेला होता. आल्यावर त्याने आधी चाक पाहिलं, मग माझी टूल बॅग.

“बॅग तर मोठी हाय. हत्यारां नाय काय?”

“आहेत. रत्नागिरीला.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

परत आले तर कुलकर्णी सावलीत, आणि देवल उन्हात, गाडीपाशीच. कुणी चोरून नेईल म्हणून. एक चाक नसलेली गाडी. साठीचा माणूस. उलटी झालेली, डोकं धरून बसलेले. मी खरंच घाबरले. दोघांनी धरून त्यांना झाडाखाली नेलं. औषधांतली ओआरएसची पुडी पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. ऊन उतरलं तसे ते बोलायला लागले. पहिलं वाक्य, “गाडी आहे ना?”

राईड तिथेच संपली. सरांनी टेम्पो पाठवला आणि वर सल्ला दिला, “पुढच्या वेळी पारुळेकरांना पंप देऊ नका.”

हल्ली सगळी हत्यारं माझ्याच गाडीवर असतात. गाडी जड होते, कधी पडतेही. पण कंबर दुखली म्हणून मी राईड सोडून जात नाही.