बोहनीच्या आधीची अर्थव्यवस्था

एप्रिल अर्धा सरला होता आणि नागपूरचं ऊन सकाळी साडेसहालाच ड्यूटीवर हजर झालं होतं. गल्लीतली कुत्री नालीच्या ओल्या कडेला पोटं टेकवून पसरली होती. समोर रुपराव कूलरवाला कूलरांच्या जुन्या ताट्या उपसून खसच्या नव्या बसवत होता. आणि सुभद्रा ठवकर गच्चीवरच्या मिरच्यांवरची ताडपत्री ओढून, तोंडाला दुपट्टा बांधून, हाताला शेंगदाण्याचं तेल चोळून देठं खुडायला बसली होती. तेल चोळायला विसरलं तर हाताची आग दोन दिवस जात नाही, आणि त्या हातानं चुकून डोळा पुसला तर माणूस पंचक्रोशीला ऐकू जाईल असा ओरडतो.

सुभद्रा भिवापूरकडची. तिकडच्या पोरींना अक्षरं कळायच्या आधी मिरची कळते. लग्न करून नागपुरात आली आणि बावीस वर्षांपूर्वी आठ बाय दहाच्या खोलीत तिनं तिखट-हळदीची चक्की टाकली. नवरा महादेवराव मिहानातल्या एका कंपनीत रात्रपाळीचा गार्ड. सकाळी येतो, दुपारपर्यंत झोपतो, आणि झोपण्यापूर्वी रोज सांगतो की तिकडं आणखी एक कंपनी येऊन राहिली.

चक्कीची खोली अनंतराव पाठकांची. ते वरच्या मजल्यावर एकटेच राहत. सरकारी नोकरीतून निवृत्त, अतिशय सज्जन. अख्ख्या नागपुरात तिखटाच्या चक्कीला जागा द्यायला कोणी तयार होत नाही, कारण पहिल्या घाण्यालाच सगळी इमारत शिंकायला लागते. पण अनंतरावांनी तीस वर्षं तपकीर ओढून नाक असं निबर करून ठेवलं होतं की त्यांना ना वास येई, ना ठसका लागे. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि ते नवा कागद करून द्यायचे. या खेपेचा करार तीस एप्रिलला संपत होता. ही खोली गेली तर चक्की ठेवायला दुसरं नाक शहरात नव्हतं, हे सुभद्राला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी, चक्की उघडून पाच मिनिटं झाली नव्हती तोच, पाठीवर बॅग आणि हातात टॅब घेऊन एक पोरगी दारात उभी राहिली. नाव चिन्मयी. कॉमर्स कॉलेजात शिकत होती आणि कुठल्याशा अभ्यास केंद्रासाठी सर्व्हे करत होती. छोट्या व्यापाऱ्यांना आपल्या भागाच्या अर्थव्यवस्थेवर किती विश्वास वाटतो, ते तिला मोजायचं होतं. कॉलेज दहाचं, म्हणून ती साडेसात ते नऊच्या मध्ये गल्ल्या उरकायची.

सुभद्रानं तिला सांगून पाहिलं, की अजून बोहनी व्हायची आहे, जरा टेक. पण चिन्मयी तीन पिढ्यांच्या नोकरदार घरातली. बोहनी म्हणजे पहिली विक्री एवढं तिला माहीत होतं. बोहनी होईपर्यंत दुकानदाराच्या जिभेवर काय काय बंधनं असतात, ते माहीत नव्हतं.

या गल्लीत ती बंधनं कडक होती. दिवसाचा पहिला पैसा गल्ल्यात पडेपर्यंत तोंडातून ‘नाही’ काढायचं नाही. रडायचं नाही. मंदीचं नावसुद्धा घ्यायचं नाही. सकाळी जे बोलाल ते दिवसभर दुकानाला चिकटून राहतं. बोहनी झाली की मात्र सगळं उलटं. धंदा बरा चाललाय असं जो कबूल करेल त्याला दृष्ट लागणार आणि दूरच्या मेव्हण्यांना त्याची आठवण येणार. म्हणून दुपारी बारानंतर अख्खी गल्ली मरणाला टेकलेली असायची.

चिन्मयीनं पहिला प्रश्न विचारला. एक ते दहा, किती विश्वास?

“दहा,” सुभद्रा म्हणाली.

बाजारात मंदी जाणवते का? आता इथं ‘हो’ म्हणावं तर मंदी पदरात पडते, आणि ‘नाही’ तर म्हणताच येत नाही. सुभद्रानं थोडा विचार केला आणि म्हणाली, “तेजी हाय.” काही अडचणी? सब मस्त. नवी यंत्रं घेणार? घेऊन राहिलो. पुढच्या सहा महिन्यांत माणसं वाढवणार का?

“वाढवू ना.”

“किती, काकू?”

आकडा काय सांगावा हे न सुचून सुभद्रानं पुन्हा दहाच सांगितला. खोलीत ती स्वतः आणि चक्की उभी राहिली की तिसऱ्याला वळून बाहेर जावं लागे. पण चिन्मयीच्या फॉर्ममध्ये खोलीचं माप विचारलेलं नव्हतं.

तिथून ती रुपरावकडे गेली. त्याचीही बोहनी व्हायची होती. उन्हाळा संपल्यावर कूलरची मागणी घटेल असं वाटतं का, असं तिनं विचारलं, तर रुपराव छातीवर हात ठेवून म्हणाला, की दिवाळीपर्यंत वाढतच जाईन. पुढं इस्त्रीवाला, किराणावाला, सायकलवाला, चौदाच्या चौदा दुकानं. सगळ्यांनी दात आवळून तेजी सांगितली.

आठ दिवसांनी पेपरात बातमी आली. विदर्भात आत्मविश्वासाची लाट. सर्वांत जास्त विश्वास या गल्लीत, दहापैकी नऊ पूर्णांक आठ. सोबत कोपरापर्यंत लाल झालेल्या सुभद्राचा फोटो, आणि खाली: ‘दहा जणांना रोजगार देणार’. महादेवराव झोपेतून उठून फोटो बघत राहिला. आमच्या तिकडं एवढ्या कंपन्या, कोणी विचारायलेबी येत नाही, असं पुटपुटून तो पुन्हा झोपला. त्या दुपारी नोकरीसाठी सात जण आले. सुभद्रानं त्यांना पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

खरा घोर दुसऱ्या सकाळी लागला. अनंतराव फिरून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, थेट चक्कीत. सव्वासात झाले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षं आपण एका उद्योजिकेला कोंडून ठेवलं, असं त्यांना रात्रभर वाटत होतं. दहा माणसं, नवी यंत्रं, इथं मावणार कशी? एका कॉफीच्या दुकानवाल्यांनी ही खोली मागितली होती; आजवर ते टाळत होते, पण आता टाळणार नव्हते.

“तुमच्या प्रगतीच्या आड मी येणार नाही, सुभद्राबाई. एक मेपासून तुम्ही मोकळ्या. चालेल ना?”

सुभद्रा पेढा हातात धरून उभी राहिली. सगळं अंग ‘नाही’ म्हणत होतं आणि बोहनी अजून व्हायची होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं. एक गिऱ्हाईक, एकच. गल्लीत फक्त कुत्री होती. अनंतरावांनी तिचं गप्प राहणं हे भारावून जाणं समजून घेतलं, आशीर्वाद दिला आणि जिना चढून गेले. चार मिनिटांनी एक बाई अर्धा किलो हळद घेऊन गेली.

बोहनी होताच सुभद्रा वर धावली. दारातच तिनं सगळं सांगितलं: धंदा कसाबसा चालतो, माणसं ठेवायची नाहीत, यंत्र जुनंच बरं, खोली सोडायची नाही. अनंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले. व्यापारी माणूस तोंडानं रडतोच, ते म्हणाले. पण पेपरात आलंय ते शास्त्र आहे. शास्त्र आणि रडणं यात ते शास्त्राची बाजू घेणार.

म्हणजे आता शास्त्रच बदलायला हवं होतं. सुभद्रानं चिन्मयीला फोन लावला. योगायोग असा की केंद्रातल्या मोठ्या साहेबांनाही नऊ पूर्णांक आठ पचलं नव्हतं आणि त्यांनी गल्लीची फेरतपासणी करायला सांगितलं होतं. कधी येऊ, चिन्मयीनं विचारलं. “दुपारी ये वं पोरी,” सुभद्रा म्हणाली. “दोनच्या नंतर.”

चिन्मयी भर दोनच्या उन्हात आली. सगळ्यांची बोहनी होऊन गेली होती आणि गल्ली पोटभर रडायला मोकळी होती. रुपरावकडे पाच गिऱ्हाइकं कूलरसाठी हुज्जत घालत उभी होती. त्यांच्या खांद्यावरून मान काढून त्यानं सांगितलं, की धंदा मेला, माणसाले आता ऊनच लागून नाही राहिलं. इस्त्रीवाल्यानं लोक चुरगळलेले कपडे घालायला लागल्याची तक्रार केली. किराणावाल्यानं विश्वासाला शून्य दिलं आणि शून्याच्या खाली काही असतं का, तेही विचारलं. सुभद्रानंही भीत भीत एक सांगितला.

सरासरी एक पूर्णांक सहा आली. त्याच गल्लीतली, त्याच माणसांची. पेपरात नवी बातमी: गल्लीची अर्थव्यवस्था कोसळली. एका जाणकारानं तारखा न बघता नुसत्या फॉर्मांवरच्या वेळा बघून लिहिलं, की ही पडझड सकाळी नऊ ते दुपारी दोनच्या दरम्यान झालेली दिसते, कारणं शोधायला समिती नेमावी.

तीस तारीख उजाडली. सुभद्रा देठं खुडून खाली आली, तिनं चक्की पुसली, आणि वळून बघते तो अनंतराव दारात. एका हातात दोन्ही पेपर, दुसऱ्या हातात कोरा कराराचा कागद. घड्याळात सात वीस. रात्री त्यांना झोप लागलेली नव्हती.

त्यांची अडचण खरी होती. दहा असेल तर तिला इथं अडकवून ठेवणं पाप. दीड असेल तर दोन महिन्यांत चक्की बसणार आणि कॉफीवालेही हातचे जाणार. नऊ वाजता कॉफीवाल्यांना फोन करून होय की नाही ते सांगायचं होतं.

“शास्त्रानं दोन्हीकडून मारलं मला,” ते म्हणाले. “आता तुम्हीच एक आकडा सांगा. जो सांगाल तो मी मानतो.”

आणि बोहनी झालेली नव्हती.

सुभद्रानं रस्ता पाहिला. समोर रुपराव हातातली ताटी तशीच धरून उभा होता. त्याला सगळं कळत होतं. तो धावत येऊन पावभर तिखट घेऊन गेला असता, पण ज्याची स्वतःची बोहनी झाली नाही त्यानं गल्ल्यातला पैसा बाहेर काढायचा नाही, हाही गल्लीचाच नियम. सुभद्रानं घाम पुसला. मग तिनं अनंतरावांकडेच नीट पाहिलं.

“पहिले बोहनी करा जी,” ती म्हणाली. “मंग सांगते.”

अनंतराव गोंधळले. त्यांना तिखट वर्ज्य होतं. डॉक्टरांनी कडक बजावलं होतं, घरात मिठाशिवाय दुसरा मसाला नव्हता.

“खा म्हणते का मी? फक्त घ्या.”

त्यांनी मोबाइल काढला. सुभद्रानं मान हलवली. बोहनीला नगद लागतो. त्यांच्या फिरायला जायच्या पायजम्याला खिसा नव्हता. ते सत्तरीच्या गुडघ्यांनी जिना चढले, फ्रिजवरच्या डब्यातून पन्नासची नोट काढली आणि कठडा धरून खाली आले. तोवर रुपरावानं हातोडीसुद्धा उचलली नाही. सुभद्रानं शंभर ग्रॅम तिखट तोलून पुडी बांधली, नोट कपाळाला लावली, चक्कीला लावली, गल्ल्यात टाकली. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ती घरमालकाशी खुर्चीवर बसून बोलली.

फाल्गुन ते ज्येष्ठ नाक पुसायला वेळ नसतो. हंगामात दोन बाया ओट्यावर बसून देठं काढतात. दहा जणींना गल्लीतही जागा नाही. पावसाळ्यात माशा आणि आपण. पाकिटातलं तिखट स्वस्त मिळतं, तिकडं काही गिऱ्हाइकं गेली. त्यातली निम्मी परत आली, कारण पाकिटातला रंग हाताला लागतो आणि जिभेला लागत नाही. पाठदुखी आहे. धंदा आहे.

“मग आकडा?” अनंतरावांनी पेन उघडलं.

सुभद्रानं बोटांवर काहीतरी जुळवलं. “साडेपाच.” मग जरा ओशाळून म्हणाली, “सहा म्हणणार होती मी. पण आता बोहनी झाली ना.”

अनंतरावांनी साडेपाचवर बराच वेळ विचार केला. एवढ्या आकड्यावर माणूस बुडेल असं वाटत नव्हतं, आणि फार मोठा होईल अशी धास्तीही नव्हती. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, की साडेपाच विश्वास असलेल्यानं राहावं की जावं.

“कोठं जाते जी साडेपाचवाला,” सुभद्रा म्हणाली.

त्यांनी मिरचीच्या पोत्यावर कागद ठेवून सही केली. अकरा महिने. मग पुडी अंगापासून लांब, दोन बोटांत धरून ते जिना चढले आणि नऊपर्यंत न थांबता कॉफीवाल्यांना नकार कळवला.

रुपराव रस्ता ओलांडून आला. “का झालं वं वहिनी?”

सुभद्रानं करार घडी घालून गल्ल्याच्या तळाशी सरकवला. चेहऱ्यावर हसू येत होतं, ते तिनं दुपट्ट्यानं झाकलं आणि मोठा उसासा टाकला. “का सांगू भाऊ. आणखी अकरा महिने मरा लागते इथंच.”

रुपरावानं समाधानानं मान डोलावली आणि तो आपल्या कूलरांकडे परतला. सुभद्रानं चक्कीची चाळणी उतरवून दाराच्या चौकटीवर दोनदा आपटली. दुपारी हळदीचं गिऱ्हाईक येणार होतं, आणि जाळीत लाल कण राहिला की हळद दळून देणाऱ्याला लोक वर्षभर बोलतात. ती उकिडवी बसली आणि ब्रश घेऊन एकेक भोक घासायला लागली.