टोडेरसाठी बांधलेलं जेवण

झेनोव्हियाचं लग्न झालं तेव्हा टोडेर गावच्या सहकारी शेतावर ट्रॅक्टर चालवायचा आणि दुपारी घरी जेवायला यायचा. ते दिवस फार टिकले नाहीत. शेत मोडलं, ट्रॅक्टर भंगारात गेले. आमच्या बर्लाड भागातल्या बाकी पुरुषांनी केलं तेच टोडेरनं केलं. अवजड गाडीचा परवाना काढला आणि परदेशी मालाच्या ट्रेलरवर लागला. एकदा गेला की पोर्तुगालपर्यंत जायचा आणि दीड-दोन महिने त्याचं तोंड दिसायचं नाही.

बाहेरचं खाऊन त्याचं पोट बिघडायचं. झेनोव्हिया काचेच्या बरण्या भरून द्यायची. त्या निम्म्या वाटेत फुटायच्या, उरलेल्यांना आंबूस वास यायचा. मग एका फेरीत त्यानं जर्मनीहून ते मशीन आणलं. पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवणारं, ब्रेडच्या डब्याएवढं. पहिल्याच दिवशी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सरमाल्यांचा रस्सा मशीननं हवेबरोबर आत ओढून घेतला आणि आठवडाभर स्वयंपाकघरात कोबी आणि डुकराच्या चरबीचा वास कोंडून राहिला. पण ती शिकली. रस्सा आधी गोठवायचा, मग भरायचा. बरगडीच्या हाडाचं टोक कागदात गुंडाळायचं, नाहीतर पिशवीला भोक पडतं. कडेला एकीच्या शेजारी दुसरी शिवण मारायची.

मशीन मिळालं ते चांगलंच झालं, असं ती सगळ्यांना सांगे. आपल्या हातचं अन्न आपला माणूस स्पेनमध्ये खातो, म्हणजे अर्धं घर त्याच्याबरोबर गेल्यासारखंच. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. टोडेर घरी यायचा तो जेमतेम दोन-तीन दिवसांसाठी, आणि ते दिवस ती चुलीपाशी उभी असायची. तो निघायच्या आत सगळं शिजवून, गार करून, पाकिटांत भरून व्हायला हवं. तो कोचावर झोपलेला असायचा आणि आतून मशीनची घरघर चालू असायची. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं की ती म्हणायची, त्यासाठी माणसं एका घरात लागतात.

साखरेच्या आजारानं टोडेरची नजर अधू झाली आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याचा परवाना थांबवला. कंपनीची गाडी आवारात लावून, चाव्या देऊन तो बसनं घरी आला. झेनोव्हियाला वाईट वाटलं, पण आतून तिला हायसंही वाटलं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली. तिनं मशीन पुसून कपाटावर ठेवलं. टेबलावर चांगला कपडा घातला. चोर्बाचं वाफाळतं आंबट सूप, मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा, वर साय.

टोडेर बसला. दोन-चार चमचे घेतले. खिडकीकडे बघत राहिला, मग पाठ दुखते म्हणून उठला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मीठ कमी आहे का? नाही म्हणाला.

आठवडाभरानं त्यानं अंगणातली जुनी दाचिया गाडी आतून साफ केली. खिडकीला पडदा लावला. आपला छोटा गॅस, ॲल्युमिनियमचं पातेलं आणि घडीचा चाकू तिच्यात नेऊन ठेवला. रात्री पलंगावर त्याला झोप लागेना, म्हणून तो तिथंच झोपू लागला. झेनोव्हियानं ताट झाकून गाडीपाशी नेलं तर तसंच परत आलं. शेवटी एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "तू ते पाकिटांत भरून देतेस का? पूर्वीसारखं?"

तिनं कपाटावरून मशीन उतरवलं.

शेजारच्या सुलताना मावशींना बातमी कळायला कुंपण पुरेसं होतं. त्या कोथिंबीर मागायला म्हणून आल्या आणि टेबलावरच्या पिशव्या बघून थबकल्या.

"अगं, नवरा घरी बसला ना तुझा? मग हे कुणाचं बांधतेस?"

"त्याचंच."

"कुठं निघालाय?"

"अंगणात," झेनोव्हिया म्हणाली.

मावशींना हसू आलं. पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं आणि कोथिंबीर न घेताच गेल्या.

झेनोव्हियाला राग यायचा. भांडून बघितलं. गावात तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस, म्हणाली. टोडेर ऐकून घ्यायचा. एकदाच त्यानं उत्तर दिलं. "तुझं काही चुकलेलं नाही. समोर कुणी बसलं की माझा घास उतरत नाही. इतकी वर्षं एकट्यानं खाल्लं. आता मी काय करू, सांग."

मग एका दुपारी तिनंच ठरवलं. दोन पाकिटं घेतली, अंगावर शाल घेतली आणि जाऊन दाचियाचं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. टोडेर दचकला. पण त्यानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली आणि तिला जागा करून दिली. पातेल्यातलं पाणी उकळलं, त्यानं पाकिटं त्यात सोडली, थोड्या वेळानं बाहेर काढून चाकूनं कापली. दोघं जेवली. समोरच्या काचेतून कोंबड्यांचं खुराडं दिसत होतं. तिनं कधी नव्हे ते त्याच्या हातचं गरम केलेलं खाल्लं होतं आणि ते बरं लागत होतं. तिनं तसं म्हटलं. तो म्हणाला, "मग काय." रात्रभर तिला वाटत राहिलं, चला, टेबलावर नाही तर नाही, गाडीत तर गाडीत.

दुसऱ्या दिवशी ती पाकिटं घेऊन गेली तर पिशवी पुन्हा सीटवर होती आणि दार आतून लॉक केलेलं होतं. टोडेरनं काच थोडी खाली केली, एक पाकीट घेतलं आणि काच वर केली. त्यात राग नव्हता. सरहद्दीच्या चौकीवर कागद दाखवून पुढं निघावं, तसं.

त्यानंतर ती पाकिटं गाडीच्या टपावर ठेवून येऊ लागली.

हिवाळ्यात त्याच्या पायाला फोड आला. त्यानं तो लपवला. जखम चिघळून काळी पडली तेव्हा वासानं झेनोव्हियाला कळलं. इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. घरी आणल्यावर त्याला गाडीत चढता येईना, म्हणून तो पलंगावरच राहिला. आता टेबल नको, ताट नको, ती चमच्यानं भरवायची. तो डोळे मिटून तोंड उघडायचा, औषध घ्यावं तसं गिळायचा आणि भिंतीकडे वळायचा. एकदा तिनं हात धरला तर त्यानं तो काढून घेतला नाही, एवढंच. वसंतात तो गेला.

चाळीसाव्या दिवसाचं जेवण तिनं एकटीनं रांधलं. पाद्रीबाबा आले, सगळी गल्ली आली. अंगणात फळ्या टाकून टेबलं लावली. माणसं टोडेरच्या आत्म्यासाठी पोटभर जेवली आणि बोटं पुसत म्हणाली, तुझ्या हाताला काय चव आहे, टोडेर मोठा नशीबवान. ती होय म्हणत गेली आणि वाढत गेली.

उन्हाळ्यात सुलताना मावशींची सून मिरूना आली. तिच्या नवऱ्याला, काटालिनला, नुकताच परवाना मिळाला होता. सोमवारी तो फ्रान्सला निघणार होता. तुमच्याकडे ते मशीन पडून आहे ना, असं तिनं चाचरतच विचारलं. झेनोव्हियानं ते काढलं, आतली पट्टी पुसली आणि उरलेल्या पिशव्यांचा गठ्ठाही दिला. रस्सा गोठवून घे, हाडाला कागद लाव, सगळं सांगितलं. मिरूना प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या.

"बरं झालं बाई," ती मशीन उराशी धरून म्हणाली. "निदान जेवण तरी घरचं मिळेल त्याला."

झेनोव्हियाला काहीतरी म्हणायचं होतं. तो घरी असेल तेव्हा चुलीपाशी राहू नकोस, असं काहीसं. पण मग तो निघताना खायला काय नेईल? तिनं मिरूनासाठी फाटक उघडून धरलं आणि ती शेजारच्या फाटकातून आत जाईपर्यंत उभी राहिली.