भरलेला ड्रम

भूत-बित, चकवा-बिकवा सांगणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा पाजत नाही. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मायक्रोमीटरवर येईल तेच खरं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

जटवाडा रोडला एका खोलीत एकटाच राहतो. दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, बरं वाटत होतं. फुलंब्रीहून मोठा भाऊ आला, त्यानं स्ट्रिप बघितली. "स्थळं बघायलोय तुझ्यासाठी, पोरीकडच्यांना कळलं तर? सोड ते येड्याचं औषध!" मलाही वाटलं, खरंच की. डॉक्टरांना न विचारता सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यागत झटका. जमीन हलायची. उगाच रडू यायचं – शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकूनसुद्धा. कंपनीत ताप आलाय म्हणून कळवलं. भावाला फोन केला तर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको, जेव अन् झोप." मग कुणालाच फोन केला नाही. चार दिवस माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. ड्रम कोरडा पडला, प्यायचं पाणी संपलं, तरी उठावंसं वाटेना. खरं सांगतो, आता उठूच नये असं वाटायला लागलं होतं.

त्या दुपारी तीनच्या सुमाराला दार धडाधडा वाजलं.

"राजू, उठ रे! पानी आया! बाद में नक्को बोल, खाला हाक नै मारे करके!"

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ज्याला आधी कळेल त्यानं गल्लीतली दारं वाजवायची, हा रिवाज. आवाज शेजारच्या खालांचा; खाला म्हणजे मावशी, अख्खी गल्ली त्यांना तसंच म्हणते. त्या माझं दार कधीच चुकवत नाहीत. अन् पाणी आलं म्हटल्यावर इथला माणूस मरता मरता पण उठतो! भिंत धरून धरून नळापाशी गेलो, पाइप लावला, ड्रम काठोकाठ भरला. दोन तांबे घटाघटा प्यालो. चार दिवसांनी अंघोळ केली. जरा माणसात आलो, तेव्हा वाटलं, डॉक्टरांकडं जावं. निघताना खालांना सांगावं म्हणून बघतो तर त्यांच्या दाराला कुलूप.

"खाला लेकीकडं गेल्यात फर्दापूरला," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "आठवडा झाला की."

"अहो, पाणी आलं म्हणून आत्ता हाक मारली त्यांनी..."

"कुठलं पाणी, भाऊ? पाणी परवा हाय!"

केसांतून अजून पाणी गळत होतं. तसाच डॉक्टरांकडं निघालो.

डॉक्टर लई रागावले. गोळ्या परत चालू केल्या, आता हळूहळू कमी करतायत. म्हणाले, "एकदम बंद केल्यावर काहींना असे भास होऊ शकतात." आवाज भास होता, मान्य. पण ड्रम? संध्याकाळी त्याच वहिनींनी त्यातून दोन कळशा नेल्या, चहा केला, मला पण आणून दिला. तो काय भासाचा चहा होता?

आता खाला परत आल्यात. पाण्याच्या दिवशी मी लवकरच जागा होतो. पाइपसुद्धा लावून ठेवतो. पण मग दार लोटून परत पडून राहतो... खालांची हाक येईपर्यंत उठत नाही.