मोहफुलांची राखण

चौतिसाव्या वर्षी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे. मी म्हटलं, बरं झालं, नाव तरी कळलं. तोवर घरात त्याला एकच नाव होतं, सटकेल.

गॅसवर दूध ठेवून मी अंगण झाडायला लागायचो, झाडू अर्ध्यात टाकून फोन हुडकायचो, आणि दूध उतू गेलं की ओरडायचोही मीच. विसरणं एक वेळ चालून जायचं. राग नाही चालायचा. दादा नुसतं ‘काऊन बे, पुन्हा विसरला?’ म्हणाला की मी ताट भिरकावून द्यायचो, आणि मग तासभर न्हाणीत तोंड लपवून रडायचो. चांगला घोडा झालेला माणूस! लाज वाटायची, दुसरं काय.

याच पायी नोकरी गेली आणि मी गावी परतलो. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्याच्या पुढे, जंगलाला लागून. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी माझी झोप उडायची, शिवाय त्या चंद्रपुरात मिळेनात. अशी दोन वर्षं गेली. मग एका जुन्या रूममेटने एक छोटी बाटली हातात ठेवली. एलएसडीचे थेंब, पाण्यात पातळ केलेले. ‘मायक्रोडोसिंग म्हणतात याला. नशा होत नाही, मन थाऱ्यावर येतं,’ तो म्हणाला. कायद्याने गुन्हा, ते दोघांनाही माहीत होतं. हे कोणी तपासलंय, कोणाला फायदा झालाय, असलं काही मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

घरात फक्त वहिनीला सांगितलं, तेही अर्धंच. मेंदूचं औषध आहे, एक दिवस घ्यायचं, दोन दिवस सोडायचं. आईची बीपीची गोळी, पुतणीची शाळेची वही, दादाचं गाडीचं लायसन, सगळं वहिनीच्या ध्यानात असायचं. माझं औषधही त्यात गेलं. दोन दिवस सोडले की सकाळी बरोबर हाक यायची, “भाऊजी, आज तुमचा दिवस हाय. घेतलं काय?”

आणि फरक पडला, खोटं कशाला बोलू. दादाचं बोलणं कानावर पडायचं आणि निघून जायचं. आत काही पेटायचं नाही. दोन महिन्यांत एक ताट फुटलं नाही. एकदा जेवताना वहिनी हसून म्हणाली, “बाप्पा, भाऊजी माणसात आले.” मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी भांडी मीच घासली.

मोहफुलांचे दिवस आले. उजाडता उजाडता जंगलात जायचं आणि झाडाखाली वाकून फुलं वेचायची. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, जनावर दिसतं. म्हणून एक जण राखणीला उभा असतो, बायांकडे पाठ, तोंड झुडपाकडे, हातात काठी आणि तेलाचा रिकामा डबा. गेले दोन हंगाम ते काम माझं होतं, आणि ते मला वहिनीनेच दिलं होतं. बाकीच्या बाया कुरकुरल्या होत्या, ह्याचं ध्यान तर एका जागी नसते. “म्हणूनच त्यांले उभं करा,” ती म्हणाली होती. “त्यांले समदंच ऐकू येते.”

खरंच यायचं. पान हललं, टिटवी ओरडली, वानर खोकलं, की मी डबा बडवायचो. दहातले नऊ वेळा काहीच नसायचं. बाया चिडवायच्या, “ह्यांले खारही वाघच दिसते!” पण आमच्या झाडाखाली कधी कोणाला नख लागलं नव्हतं.

त्या सकाळी मी औषध विसरलो होतो. वहिनी टोपली घेऊन दारापर्यंत गेली आणि परत फिरली. “भाऊजी, आज तुमचा दिवस ना?” मी आत जाऊन थेंब घेतला. ती दारात थांबून होती.

झाडाखाली उभा राहिलो. समोरच्या सालीवर मुंग्यांची रांग चालली होती. मी ती बघत होतो. फक्त तीच. आयुष्यात मन असं एका जागी बसलं नव्हतं, आणि मला सुख वाटत होतं. नाल्याकडून वानर खोकलं, वाघ दिसला की खोकतं तसं. मी ते ऐकलं. दादाचं बोलणं निघून जायचं ना, तसं ते निघून गेलं.

मग मागून बाया किंचाळल्या. मी वळलो, डबा बडवला, काठी घेऊन धावलो. जे करायचं ते सगळं केलं, उशिरा. वाघाने वहिनीला नाल्याच्या काठापर्यंत नेऊन टाकलं होतं. टोपली झाडाखालीच होती, निम्मी भरलेली.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, “आधी काही आवाज वगैरे?”

मी म्हटलं, “नाही.”

रडूही येईना. एका ताटासाठी तासभर रडणारा मी, त्या दिवशी कोरडाच्या कोरडा. लोक म्हणाले, धीराचा आहे. औषध अजून उतरलं नव्हतं.

थेंबाने झालं की माझ्याने, मला माहीत नाही. वाघापुढे भलेभले राखणदार फसलेत. पण आधीचा सटकेल त्या वानरासाठी नक्की केकाटला असता, एवढं मला माहीत आहे, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बाटली मी दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर रिकामी केली. डोक्यातला गोंगाट परत आला, राग परत आला. परवा ताट फेकलं, पोर घाबरून आजीमागे लपली. दादाला वाटतं, वहिनी गेल्याच्या दुःखाने मी औषध विसरतो. तो आता रोज सकाळी चहा घेऊन माझ्या खाटेजवळ येतो.

“औषध घेतलं काय बे? चुकवू नको. ती मले नेहमी सांगे, भाऊजीचं औषध चुकू देऊ नका.”

“घेतलं,” मी म्हणतो.