नाड्याच्या विटा

रत्नागिरीहून काथ्याचे दोर घेऊन निघालो तेव्हा शेट म्हणाला होता, दुष्काळात विहिरी खोल जातात, लांब दोर खपतील. सातवीत शाळा सुटलेल्या मला ते पटलं. पारनेर तालुक्यात एस.टी.तून उतरलो, तर विहिरी पार कोरड्या. दोर घेणार कोण? परक्या मुलखात गाठोडं घेऊन रस्त्यातच उभा राहिलो.

"उन्हात का हुभं, पावनं? या आत." रस्त्याकडेच्या घरातून सरूआक्कांनी हाक मारली. मिलोची (रेशनवरच्या तांबड्या ज्वारीची) भाकर चिवट होती, पण त्या माउलीने स्वतःच्या वाटणीतली मोडून दिली होती.

घराची एक भिंत ढासळलेली. लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठीच ती खोली हवी होती. आक्कांचे यजमान धोंडिबा विटा पाडत होते, पण नुसत्या मातीच्या विटा वाळताना तडकत. एरवी मातीत भुसकट घालायची तिकडची रीत.

"मग घाला की," मी म्हणालो.

"आन् बैलं काय खातील? तुमचं दोर?" आक्का हसल्या.

धोंडिबा खुंटीवरच्या नाड्याकडे (मोटेच्या दोराकडे) बघत होते.

"त्यो न्हाई तोडायचा हां!" आक्का म्हणाल्या. "हिरीला पानी आलं मंजी?"

"पानी येईल तवा येईल. पोर पुढल्या म्हैन्यात येतीया."

माझे दोर शेटचे होते; धोंडिबांनी आपल्याच नाड्यावर विळा चालवला. आक्का तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मी तुकड्यांचा पीळ सोडून तंतू मोकळे केले. काथ्याच्या गावचा, एवढं येत होतं. मग आक्कांनीच मोरीचं साठवलेलं पाणी आणून ओतलं. भुसकटाऐवजी ते तंतू घालून चिखल तुडवला आणि मुरत ठेवला. मी आसपासची गावं फिरायचो आणि मुक्कामाला त्यांच्याकडेच यायचो. कधी कुणी नको म्हटलं नाही.

विटा वाळल्यावर परीक्षा. दोन दगडांवर वीट आडवी ठेवायची आणि आळीतलं सर्वांत वजनदार माणूस वर उभं करायचं. तो मान धोंडिबांच्या रखमाआत्यांचा.

"मोडली तर मला नावं ठिवू नगा!"

"आत्या, हिनं तुमास्नी पेललं तर घरावर हत्ती बांधीन," धोंडिबा म्हणाले.

"मेल्या, थांब, खाली उतरू दे मला!"

वीट मोडली नाही. कडेला बारीक चीर गेली, पण आतल्या तंतूंनी ती धरून ठेवली. धोंडिबांनी पटक्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

भिंत उभी राहिली, वर जुन्याच तुळया चढल्या. निघताना मी गाठोड्यातला एक दोर काढून रिकाम्या खुंटीला अडकवला. शेटला काय सांगायचं, ही काळजी होतीच. ज्या एस.टी.तून सुमन उतरली, तिच्यातच मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर दारात आक्का लेकीच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतत होत्या. चांगलं, पिण्याचं पाणी.

घाट उतरताना हिरवं दिसू लागलं. आमच्याकडे पाणी कुणी मोजत नाही. दोर एकही खपला नव्हता, तरी रिकाम्या हाताने परततोय असं वाटेना. विहिरीची आशा कापून त्यांनी भिंतीत घातली होती. आता त्या भिंतीला पाठ टेकून सुमन बसली असेल.