पाच स्पीकर आणि एक कान

दुपारचं जेवण आवरून सुमेधा सोफ्यावर आडवी होते. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार आणि टीव्हीखाली एक, असे पाच नवे स्पीकर आहेत. कॉलेजात असल्यापासून तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, श्रीरंगचा, जीव की प्राण असलेला रॉक अल्बम आता चहूबाजूंनी ऐकू यावा असा नव्याने मिक्स होऊन निघालाय. श्रीरंग मात्र उन्हाळ्यातच गेला. लहानपणी गालगुंड होऊन त्याचा उजवा कान कायमचा गेला होता, म्हणून घरात इतकी वर्षं एकच स्पीकर होता. सगळी वाद्यं त्यातूनच दाटीवाटीने बाहेर पडत. आज गिटार पहिल्यांदाच तिच्या पाठीमागे वाजतेय. डोळे मिटतात, तरी गिटार मागेच राहते.

"केवढा पसारा मांडलायस गं!"

श्रीरंग समोरच्या खुर्चीत बसलाय. अंगात हॉस्पिटलचा हिरवा सदरा.

"तुला ऐकवायला," ती म्हणते. "ड्रम बघ, तिकडून येतायत."

"मला सगळं इकडूनच येतंय." तो डाव्या कानाला बोट लावतो. "वाटलं होतं, मेल्यावर तरी दुरुस्त करून देतील. कसलं काय!"

ती हसते. हसता हसता हॉल लांबत जातो. कोपरे दूर सरकतात, मधे पडदे येतात, सलाईनची बाटली येते. गाणं चालूच आहे. श्रीरंग आता पलंगावर निजलाय. त्याच्या डाव्या अंगाला सगळी यंत्रं, म्हणून ती उजवीकडच्या स्टुलावर. त्या दिवशी होती तशीच.

"त्या दिवशी तू का नाही आलीस?" तो विचारतो.

"मी होते रे रंगा. शेवटपर्यंत. नर्स म्हणाली हळू बोला, म्हणून तुझ्या कानाशी लागून बोलत होते."

"कुठल्या?"

ती बघते. तिच्या तोंडासमोर त्याचा उजवा कान आहे.

"डोळे उघडत नव्हते माझे," तो समजावल्यासारखं म्हणतो. "वाटलं, रिक्षा मिळाली नसेल तुला."

"हात धरला होता ना मी तुझा!"

"हात काय, नर्सही धरायची."

ती उठते. 'मी इथेच आहे, घाबरू नकोस' एवढंच तर सांगायचं होतं. पलंगाला वळसा घालून ती डावीकडे जाते. तिथेही उजवाच कान. ती परत फिरते. इथेही तोच.

"राहू दे. ये, मीच सांगतो."

तो उठून तिच्या उजव्या कानाशी झुकतो. त्याचे ओठ कानाच्या पाळीला लागतात, हलतात. त्याच क्षणी गिटार चहूबाजूंनी उसळते. तिला एक अक्षर ऐकू येत नाही.

अल्बम संपलाय. हॉलमध्ये फक्त पंखा फिरतोय. ती डाव्या कुशीवर आहे, गाल उशीत रुतलेला. दबून राहिलेला कान गरम होतो, हे तिला ठाऊक आहे. जीवशास्त्र शिकवण्यात तिचा जन्म गेलाय. ती डाव्या कानाला हात लावते. थोडा गरम आहे.

उजव्यावर मघापासून पंख्याचा वारा येतोय. तो जास्त गरम आहे, आणि पाळी ओलसर आहे.