‘इल्युमिनेटिंग’ म्हणजे चांगलं की वाईट?

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांना, अण्णांना, दोन-तीन महिने खोकला आहे. काल छातीचा स्कॅन केला. आज दुपारी डॉक्टरांचा इंग्रजीत मेसेज आला: स्कॅन ‘व्हेरी इल्युमिनेटिंग’ आहे, आजच येऊन भेटा.

अण्णांनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून तो वाचला. "म्हणजे छातीत काहीतरी चमकतंय का गं?"

अर्थ शोधला. प्रकाश टाकणारा, उलगडा करणारा. पण उलगडा चांगला की वाईट, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर फोन उचलेनात. मी अण्णांना "चांगलंच असेल" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

नाशिक रोडहून गंगापूर रोडपर्यंत रिक्षात अण्णा एकच वाक्य बोलले, "काही निघालं तर आईला लगेच सांगू नकोस."

डॉक्टर मात्र खुशीत होते. "काका, सुपारी खाता ना? तिचा तुकडा श्वासनलिकेत अडकलेला दिसतोय. गाठबीठ काही नाही." उद्या दुर्बिणीने काढणार आहेत. अण्णांनी डॉक्टरांचा हात धरला, तो सोडेचनात.

उद्याची भीती आहेच, पण दुपारच्या भीतीपुढे ती काहीच नाही. ‘इल्युमिनेटिंग’ हा शब्द उजेड पडला एवढंच सांगतो. उजेडात काय दिसलं, ते सांगत नाही.

इथे कुणी डॉक्टर असतील तर विचारते, मेसेजच्या सुरुवातीला ‘घाबरू नका’ एवढं लिहायला किती वेळ लागतो हो?